इंग्लंडच्या बोर्डिंग हाऊसमधली पहिली टर्म : घरून करायची तयारी

इंग्लंडमधल्या निवासी शाळेत प्रवेश मिळाला की पालकांचे लक्ष फी, व्हिसा आणि गणवेशाची यादी यांकडे लागते. ही कामे महत्त्वाची आहेतच. पण शाळेचे कार्यालय त्यांचा सतत पाठपुरावा करीत असल्याने ती सहसा मागे पडत नाहीत. मागे पडते ती हाऊसमधल्या, म्हणजे शाळेच्या वसतिगृहातल्या, रोजच्या जगण्याची तयारी. वर्गात मूल दिवसाचे पाच-सहा तास असते. बाकीचा सगळा वेळ ते हाऊसमध्ये किंवा हाऊसच्या नावाने मैदानावर घालवते, आणि पहिल्या महिन्यात ते अडते ते गणितापाशी नव्हे, तर रजईला खोळ कशी घालायची, धुवायचे कपडे कोणत्या दिवशी कुठे टाकायचे आणि बाहेर पडताना कुणाला सांगून जायचे, अशा गोष्टींपाशी. तेराव्या वर्षी इयर नाइनमध्ये किंवा सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी, तिकडे जाणाऱ्या मुलामुलींच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. मी अशाच एका हाऊसमध्ये निवासी ट्यूटर म्हणून काम करतो, तेव्हा या सूचना हाऊसच्या आतून पाहून केलेल्या आहेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

हाऊसमध्ये कोण काय पाहते

एका हाऊसमध्ये साधारणपणे पन्नास ते सत्तर मुले राहतात. लहान मुले चार ते सहा जणांच्या डॉर्ममध्ये असतात, पुढे दोघांची खोली मिळते आणि शेवटच्या दोन वर्षांत बहुधा स्वतंत्र. प्रमुख असतो हाऊसपॅरेंट. जुन्या शाळांतून त्याला हाऊसमास्टर किंवा हाऊसमिस्ट्रेस म्हणतात. तो शाळेत एखादा विषय शिकवतो आणि आपल्या कुटुंबासह त्याच इमारतीच्या एका भागात राहतो. प्रत्येक मुलाला एक ट्यूटरही नेमून दिलेला असतो. अभ्यास, गुण, विषयांची निवड हे त्याचे क्षेत्र. मात्र हाऊसचा गाडा प्रत्यक्षात ओढते ती मेट्रन. ताप, तुटलेले बटण, हरवलेला मोजा, दंतवैद्याची वेळ, रडवेला चेहरा, हे सगळे आधी तिच्या नजरेस पडते. पालकांनी पहिली ओळख तिच्याशी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. मुलाला सोडायला गेल्यावर हाऊसपॅरेंटशी निकालांच्या गप्पा मारण्यात अर्धा तास जातो आणि मेट्रनशी दोन वाक्येही बोलणे होत नाही. खरे तर मूल दूध पिते का, झोपेत उठते का, कशाला घाबरते, हे तिलाच हवे असते.

हाऊसपॅरेंटला ईमेल लिहावी. तो दिवसा तास घेतो, दुपारी एखादा संघ घेऊन मैदानावर असतो आणि आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी त्याच्या जागी दुसरा शिक्षक ड्यूटीवर असतो. म्हणून तातडीच्या कामासाठी त्याचा खासगी मोबाइल नव्हे, तर हाऊसचा ड्यूटी फोन वापरावा. तो कायम कुणाच्या तरी हाताशी असतो. दुसऱ्या मुलांना परस्पर मेसेज करून आपल्या मुलाची चौकशी करणे टाळावे. त्या मुलांवर भार पडतो आणि आपल्या मुलाला डॉर्ममध्ये तोंड दाखवायला जड जाते.

हाऊसमधलीच एखादी व्यक्ती त्रास देत असेल तर काय करायचे, हेही मुलाला निघण्याआधी सांगितलेले बरे. इंग्लंडमध्ये निवासी शाळांसाठी सरकारने किमान निकष ठरवून दिलेले आहेत आणि त्यांची सध्याची आवृत्ती सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यांनुसार शाळेच्या नोकरवर्गाबाहेरची एक स्वतंत्र व्यक्ती मुलांचे म्हणणे ऐकण्यासाठी नेमावी लागते आणि तिच्याशी संपर्क कसा साधायचा हे मुलांना कळवावे लागते. हा नंबर सहसा सूचनाफलकावर असतो, बहुतेक ठिकाणी त्याच्याच शेजारी चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतसेवेचा ०८०० ११११ हा मोफत नंबरही असतो. पोहोचल्याच्या दिवशीच दोन्ही नंबर फोनमध्ये साठवून घ्यायला लावावेत.

सुटीत मूल कुठे राहणार

शाळेचे वर्ष सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते आणि जुलैत संपते. त्यात तीन टर्म असतात, प्रत्येक टर्मच्या मध्यावर हाफ-टर्मची सुटी असते आणि शिवाय एक्झिएट नावाचे मोठे शनिवार-रविवार असतात. या काळात अनेक हाऊस चक्क कुलूप लावून बंद होतात. ऑक्टोबर अखेरची हाफ-टर्म काही शाळांत एका आठवड्याची, तर काहींत दोन आठवड्यांची असते. तेवढ्यासाठी भारतात येणे परवडेलच असे नाही, म्हणून शाळा ब्रिटनमध्ये राहणारा एक प्रौढ गार्डियन नेमायला सांगते. मूल आजारी पडून त्याला डॉर्मपासून दूर ठेवावे लागले, किंवा काही कारणाने शाळेने त्याला चार दिवस बाहेर पाठवले, तरीही गार्डियनलाच धावावे लागते.

इथे आपल्याकडच्या कुटुंबांची एक गफलत ठरलेली असते. लंडनला किंवा लेस्टरला कुणीतरी ओळखीचे असते आणि गार्डियनचा प्रश्न सुटला असे घरात ठरून जाते. परंतु सोळा वर्षांखालील मूल जवळच्या नातेवाइकाखेरीज दुसऱ्या कुणाकडे २८ दिवस किंवा त्याहून जास्त राहणार असेल, तर तिथल्या कायद्याने ते स्थानिक प्रशासनाला आधी कळवावे लागते. आजी-आजोबा, भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी आणि लग्नामुळे झालेले काकू, मामी यांसारखे नातलग कायद्याच्या दृष्टीने जवळचे. चुलतभाऊ आणि मामेबहीण त्यात बसत नाहीत, आणि ज्यांना आपण सवयीने काका म्हणतो ते बाबांचे कॉलेजातले मित्र तर नाहीतच. जवळचे कुणी नसेल तर पैसे घेऊन हे काम करणाऱ्या संस्था आहेत. त्यांची तपासणी करून मान्यता देण्याचे काम एजिस ही संघटना करते. संस्था निवडताना तिची एजिस मान्यता पाहावी, आणि मूल ज्या कुटुंबात राहणार त्यांच्याशी हाफ-टर्मच्या आधी एकदा तरी व्हिडिओवर बोलून घ्यावे.

दिवस कसा जातो

सकाळी सातच्या सुमारास उठवतात. आंघोळीसाठी रांग असते आणि शॉवर पाच मिनिटांत आटोपावा लागतो. बादली-तांब्याची सवय असलेल्या मुलाला महिनाभर आधीपासून शॉवरची सवय लावावी. संडासात पाण्याची सोय नसते, फक्त कागद असतो. हा विषय संकोचाने टाळला जातो आणि मूल पहिला आठवडा कुचंबत काढते, म्हणून स्पष्ट बोलावे. टायची गाठ आरशात न पाहता दोन मिनिटांत मारता आली पाहिजे आणि बुटाला पॉलिश स्वतः करता आले पाहिजे. न्याहारी, मग हजेरी, काही दिवशी चॅपल (शाळेच्या प्रार्थनामंदिरातली प्रार्थना) किंवा सभा, साडेआठ-पावणेनऊपासून तास, दुपारी जेवण. अनेक पूर्ण निवासी शाळांत बुधवारी दुपारी सामने असतात आणि शनिवारी सकाळी तास होऊन दुपारी पुन्हा सामने असतात. आपल्याकडच्या मुलांना शनिवारची शाळा सर्वांत जड जाते. सहाच्या आसपास रात्रीचे जेवण होते. पुण्या-मुंबईच्या घरांतून त्या वेळी चहा चालू असतो, त्यामुळे झोपण्याआधी पोटात कावळे ओरडतात. बहुतेक हाऊसमध्ये छोटे स्वयंपाकघर असते आणि तिथे टोस्ट, दूध, सिरियल मिळते. नव्या मुलाला ते घ्यायला संकोच वाटतो. हे घेण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, असे त्याला आधीच सांगून ठेवावे.

साधारण सात ते साडेआठ-नऊ ही प्रेपची वेळ, म्हणजे शांत बसून करायचा गृहपाठ. लहान मुले एका खोलीत देखरेखीखाली बसतात, मोठी आपापल्या टेबलावर. क्लासच्या सरांनी धडा समजावून सांगायचा आणि मग आपण सोडवायचे, या शिस्तीत वाढलेल्या मुलाला प्रेप कठीण वाटते, कारण तिथे कुणीही शिकवत नाही. जाण्याआधीच्या सुटीत रोज दीड तास फोनशिवाय, क्लासशिवाय, एकट्याने बसून काम करण्याची सवय लावली, तर ती कुठल्याही जादा शिकवणीपेक्षा उपयोगी पडते. प्रेपनंतर तासभर मोकळा असतो. मग फोन जमा करून इयर नाइनचे दिवे साडेनऊच्या सुमारास मालवले जातात, सिक्स्थ फॉर्मचे साडेदहा-अकराला.

दिवसातून चार-पाच वेळा हजेरी होते आणि हाऊसमध्ये सर्वांत गंभीर मानली जाणारी गोष्ट हीच आहे. बाहेर पडताना आणि परत येताना दारापाशी ठेवलेल्या टॅबवर, वहीत किंवा ॲपवर नोंद करावी लागते. हजेरीला मूल नसेल तर आधी त्याला फोन केला जातो, मग मित्रांना विचारले जाते, खोल्या, मैदान, ग्रंथालय पाहिले जाते आणि तरीही पत्ता लागला नाही तर पोलिसांना कळवावे लागते. मूल शेजारच्या हाऊसमध्ये टेबल टेनिस खेळत असते आणि इकडे तीन माणसे टॉर्च घेऊन फिरत असतात. यात त्याला शिक्षा होते ती खेळल्याबद्दल नव्हे, नोंद न केल्याबद्दल. ‘सांगून जा’ हे घरातही आपण म्हणतोच. तिथे ते कुणाच्या तरी कानावर घालून भागत नाही, नोंदवावे लागते, एवढाच फरक आहे.

अंथरूण, कपडे आणि आगीची घंटा

हाऊसमध्ये पलंगावर गादी, ताणून बसवायची चादर आणि रजई असते. रजईची खोळ आठवड्याला किंवा पंधरवड्याला बदलावी लागते आणि हे काम एकट्याने करताना नवी मुले अक्षरशः खोळीत शिरलेली मी पाहिली आहेत. पद्धत सोपी आहे. खोळ उलटी करून घ्यावी. दोन्ही हात उघड्या बाजूने आत घालून बंद बाजूच्या कोपऱ्यांपर्यंत न्यावेत. कोपऱ्यांच्या कापडासकट रजईचे दोन कोपरे चिमटीत घट्ट पकडावेत आणि तसेच धरून खोळ खाली झटकत सुलटी करावी. खालचे दोन कोपरे नीट बसवून बटणे लावावीत. घरच्या रजईवर मे महिन्यातच दोनचारदा सराव करून घ्यावा.

कपड्यांसाठी मजल्यानुसार किंवा इयत्तेनुसार वार ठरलेले असतात. सकाळी ठरावीक वेळेआधी पिशवी खाली न्यावी लागते आणि कपडे एक-दोन दिवसांनी परत येतात. म्हणजे आतले कपडे आणि मोजे किमान दहा-बारा जोड हवेत. इस्त्रीने चिकटवायची नावे चार-सहा धुलाईत निघून जातात, त्यामुळे विणलेल्या नावाच्या पट्ट्या मागवून घराजवळच्या शिंप्याकडून प्रत्येक कपड्यावर शिवून घ्याव्यात. प्रत्येक मोज्यावरसुद्धा. हा खर्च अनेकांना वायफळ वाटतो. परंतु साठ मुलांचे एकसारखे काळे मोजे एकाच यंत्रात धुतले जातात, हे ध्यानात घ्यावे. मोजे जाळीच्या पिशवीत घालून टाकावेत, खिशातले पेन काढावे. निव्वळ लोकरीचा, आजीने विणलेला स्वेटर त्या यंत्रात घालू नये. तो आटून लहान भावंडाच्या मापाचा होऊन परत येतो. महागडे, हाताने धुवावे लागणारे कपडे नेऊच नयेत.

विजेच्या उपकरणांवर कडक बंधने असतात. ब्रिटनमध्ये २३० व्होल्टचा पुरवठा आणि चौकोनी तीन पिनांचा प्लग असतो. आपले चार्जर तिथे चालतात, पण प्लगचा आकार बसत नाही. बाजारात मिळणारे स्वस्त ॲडॅप्टर हाऊसमध्ये काढून घेतले जातात, म्हणून चार्जर तिथे पोहोचल्यावरच विकत घ्यावा. किटली, इस्त्री, हीटर खोलीत ठेवता येत नाही, आणि मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन तर अजिबात नाही. देवाचा छोटा फोटो आणि बॅटरीवरची पणती यांना सहसा हरकत घेतली जात नाही.

आगीची घंटा हा हाऊसच्या जीवनातला एक स्वतंत्र अध्याय आहे. टर्मच्या सुरुवातीला सराव होतो, बहुधा मुले अंथरुणात असताना. घंटा वाजली की अंगावर असेल त्या कपड्यांत, पायांत बूट-सपाता सरकवून, काहीही न उचलता ठरलेल्या जागी रांगेत उभे राहायचे. पलंगापाशी रात्री पायांत घालायला काहीतरी ठेवावे, कारण जानेवारीत त्या फरसबंदीवर अनवाणी उभे राहणे म्हणजे शिक्षाच. आणि खरी गंमत अशी की घंटा आगीपेक्षा कितीतरी जास्त वेळा डिओडरंटच्या फवाऱ्याने वाजते. फवारा देण्याऐवजी रोल-ऑन द्यावे; साठ जण मुलाचे आभार मानतील.

खाऊ आणि औषधे

शाकाहाराची अडचण आता फारशी येत नाही. प्रत्येक जेवणात शाकाहारी पदार्थ असतो. मात्र चीज, पास्ता आणि बटाटा यांच्या फेऱ्यात मूल अडकते, डाळीसारखे काही क्वचितच दिसते. अंडे चालते का, जिलेटिन चालते का, हे प्रवेश अर्जाबरोबर नेमके लिहावे. जैन कुटुंबांनी कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य असल्याचे लिहून ठेवून भागत नाही. स्वयंपाकघराच्या प्रमुखाशी आधी बोलून, रोज काय मिळेल ते ठरवून घ्यावे.

खाऊच्या बाबतीत दोन नियम पाळावेत. पहिला देशाचा : भारतातून येताना दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी विमानतळावर जप्त होतात. दुसरा शाळेचा : अनेक शाळांत शेंगदाणे आणि सुकामेवा यांना पूर्ण बंदी असते, कारण डॉर्ममधल्या एखाद्या मुलाला त्याची जीवघेणी ॲलर्जी असू शकते. दाण्याची चटणी, शेंगदाण्याची चिक्की, दाणे घातलेला चिवडा, दाण्याचे कूट घातलेला लाडू, यांपैकी काहीही सूटकेसमध्ये जाता कामा नये. आपल्या खाऊत दाणे इतके मुरलेले असतात की आई-आजींनी डबा भरताना हे सहज विसरावे. तांदळाची चकली, दाणे-काजू न घातलेला चिवडा, दाणे न घातलेली लसणाची कोरडी चटणी हे सुरक्षित पर्याय आहेत. तेलाचे लोणचे डॉर्मच्या खाऊपेटीत ठेवले तर आठवड्याभरात सगळ्या वह्यांना त्याचा वास लागतो. खाऊ भरपूर देऊ नये, पण वाटण्याइतका द्यावा. पहिल्या रात्री चकलीची पिशवी उघडणाऱ्या मुलाभोवती चार जण जमतात.

औषधांचे नियम याहून कडक असतात. घरून आणलेले प्रत्येक औषध पहिल्याच दिवशी मेट्रनच्या ताब्यात द्यावे लागते आणि ते कपाटात कुलूपबंद राहते. मोठ्या मुलांना स्वतःजवळ ठेवण्याची मुभा देण्याआधी त्यांना समज आहे की नाही हे तपासले जाते. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी आणावी आणि त्यात औषधाचे मूळ नाव, मात्रा व कारण लिहून घ्यावे. क्रोसिन म्हटल्यावर तिथे कुणालाही काही कळत नाही, पॅरासिटामॉल म्हटल्यावर कळते. डिस्प्रिनसारख्या ॲस्पिरिनच्या गोळ्या ब्रिटनमध्ये सोळा वर्षांखालील मुलांना डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय देत नाहीत, त्यामुळे त्या देऊच नयेत. पुड्यांत बांधलेली चूर्णे आणि लेबल नसलेले काढे मेट्रनला स्वीकारता येत नाहीत. व्हिसाच्या अर्जाबरोबर विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, आणि त्यामुळे शाळा मुलाची एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या जवळच्या दवाखान्यात नोंदणी करते. लसीकरणाचे कार्ड मात्र न विसरता न्यावे. ते नंतर भारतातून शोधून पाठवणे फार त्रासाचे होते.

जाता जाता पैशांविषयी : रोख रक्कम मेट्रनकडे ठेवता येते, प्रीपेड कार्ड त्याहून बरे. आठवड्याची रक्कम ठरवताना हाऊसपॅरेंटला विचारावे. डॉर्ममधल्या इतरांपेक्षा खूप जास्त पैसे हातात असलेले मूल लवकरच सर्वांचा सावकार होऊन बसते.

फोन कधी करावा

घड्याळाचे गणित आधी मांडावे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत इंग्लंडच्या साडेपाच तास पुढे असतो, उरलेल्या काळात साडेचार तास. मुलाला प्रेपनंतर नऊ वाजता मोकळा वेळ मिळतो तेव्हा भारतात हिवाळ्यात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. अनेक आया त्या वेळेपर्यंत जागतात. तसे करू नये, आणि ते केवळ आईच्या तब्येतीसाठी नव्हे. घरची आठवण दिवसभर दबून असते आणि झोपायच्या आधीच्या तासात उसळून वर येते. त्याच वेळी फोनवर आईचा आवाज कानी पडला की मूल रडते, फोन जमा करायची वेळ होते, आणि मग ते रडत झोपते व आई जागी राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मित्रांबरोबर टोस्ट खात हसत असते. आईला मात्र ते दिसत नाही.

रात्रीच्या जेवणाआधी, सव्वापाचच्या सुमारास, बोलण्याची वेळ ठेवावी. भारतात तेव्हा सप्टेंबरात पावणेदहा आणि हिवाळ्यात पावणेअकरा वाजलेले असतात. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे पुरेत. रविवारी मात्र सावकाश बोलावे. तिथे सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे साडेतीन, जेवण आटोपून आजी-आजोबाही हजर असतात. ‘जेवलास का, करमतंय का’ या प्रश्नांना ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी डॉर्ममध्ये शेजारच्या पलंगावर कोण आहे, सामन्यात कुठे उभे केले होते, मेट्रनने मोजे शोधून दिले का, असे विचारावे. या प्रश्नांना उत्तर द्यायला मुलाला हाऊसविषयी बोलावे लागते आणि बोलता बोलता ते तिथे रुळते. पहिल्या तीन आठवड्यांत ‘मला घेऊन जा’ असे ते एकदा तरी म्हणतेच. त्यावर ‘हाफ-टर्मला बघू’ असे आश्वासन देऊ नये, कारण मग मूल रुळण्याऐवजी दिवस मोजू लागते. शांतपणे ऐकून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी मेट्रनला ईमेलने कळवावे. जेवण सोडणे, झोप उडणे, डॉर्मबाहेर न पडणे अशी लक्षणे दिसत असतील तर ती साधी आठवण नसते, आणि मग हाऊसपॅरेंटशी थेट बोलणे आवश्यक ठरते.

संध्याकाळ, शनिवार-रविवार आणि हाऊसच्या स्पर्धा

पहिल्या टर्ममध्ये बहुतेक शाळांत हाऊसची गाण्याची स्पर्धा असते. गाता येते की नाही, हा प्रश्नच नसतो. सगळे हाऊस उभे राहून गाते. आवाज नाही म्हणून मागे राहणाऱ्या मुलाला तिथे कुणी सोडत नाही, आणि नवी मुले हाऊसची होतात ती बहुधा याच तालमींत. खेळांचेही तसेच. शाळेच्या पहिल्या संघात जागा मिळणे कठीण, पण हाऊसच्या संघाला माणसे कमी पडतात. रग्बी कधी पाहिलेला नसला तरी हाऊसच्या सामन्याला नाव द्यावे. क्रिकेट उन्हाळी टर्ममध्ये येते आणि तेव्हा आपल्या मुलांचा भाव अचानक वधारतो.

ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार ही १९५६ पासून चाललेली योजना बहुतेक निवासी शाळांत असते. ब्राँझ पातळीसाठी समाजसेवा, शारीरिक उपक्रम, एक कौशल्य आणि दोन दिवस-एक रात्रीची पदभ्रमंती करावी लागते; तंबू आणि स्वयंपाकाचे सामान पाठीवर वाहून न्यायचे असते. सह्याद्रीत पावसाळ्यात एखादा गड चढून आलेल्या मुलाला त्यात अवघड असे काही नाही, फक्त नकाशा वाचण्याचा सराव करून जावे, कारण फोनवर रस्ता पाहता येत नाही. समाजसेवेच्या आणि कौशल्याच्या भागासाठी दर आठवड्याची नोंद ठेवावी लागते. टर्मच्या अखेरीस ती आठवून लिहिण्याचा प्रयत्न हमखास फसतो.

रविवारी उशिरा न्याहारी, मग हाऊसची एखादी सहल किंवा गावात जायची परवानगी. गावात लहान मुलांनी एकट्याने जायचे नसते, घोळक्याने जायचे असते. अनेक शाळा अँग्लिकन परंपरेतल्या असल्याने चॅपलला जाणे सर्वांनाच बंधनकारक असू शकते. तिथे शांत बसावे आणि उभे राहायच्या वेळी उभे राहावे एवढीच अपेक्षा असते; प्रार्थना म्हणायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. गणपती टर्मच्या पहिल्या दिवसांच्या आसपास येतो आणि मूल सामान लावण्यात गुंतलेले असल्याने तो निसटून जातो. दिवाळी मात्र साजरी करता येते. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि ५ नोव्हेंबरला गाय फॉक्सच्या रात्रीनिमित्त सगळ्या इंग्लंडमध्ये फटाके उडतात, त्यामुळे वातावरण आयतेच तयार असते. हाऊसपॅरेंटला तीन आठवडे आधी सांगितले तर कॉमन रूम, रांगोळीसाठी जागा आणि स्वयंपाकघरात पुरी-भाजी करण्याची परवानगी सहसा मिळते. हा प्रस्ताव मुलाने स्वतः घेऊन जावा, पालकांच्या ईमेलने नव्हे.

टर्म संपताना

डिसेंबरच्या मध्यावर पहिली टर्म संपते आणि हाऊस बहुधा त्याच दिवशी दुपारी बंद होते. विमानाचे तिकीट शाळेच्या तारखा पाहून काढावे, स्वस्त मिळते म्हणून दोन दिवस आधीचे काढू नये. शेवटच्या दिवशी नाताळची गाणी गाऊन होणाऱ्या कॅरल प्रार्थनासभेला आणि हाऊसच्या जेवणाला मुलाने हजर राहावे अशी शाळेची अपेक्षा असते आणि लवकर जाण्याची परवानगी सहजासहजी मिळत नाही. सकाळचे विमान असेल तर आदल्या रात्री मूल कुठे राहील हे गार्डियनशी आधी ठरवावे. टॅक्सी शाळेच्या कार्यालयामार्फत केलेली बरी, कारण चालकाची तपासणी झालेली असते. पासपोर्ट बहुधा हाऊसच्या तिजोरीत असतो. तो आठवडाभर आधी मागून ठेवावा. व्हिसा आता ई-व्हिसा असल्याने हाती कार्ड नसते. सुटीत पासपोर्टचे नूतनीकरण करणार असाल तर नवा क्रमांक परतण्याआधी ई-व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात नोंदवावा. रजई, गमबूट आणि क्रीडासाहित्य नावाचे लेबल लावून पेटीत ठेवल्यास हाऊसच्या माळ्यावर राहू शकते. जानेवारीत परत जाताना न्यायच्या वस्तूंची यादी मुलालाच करायला सांगावी आणि पालकांनी तिच्यात फक्त पॅरासिटामॉलची चिठ्ठी आणि जादा मोजे आहेत की नाहीत, एवढे पाहावे.